पुलापलीकडे काळी काच

मंगळवार, ९ जुलै

पूल ओलांडून पलीकडच्या राज्यात कामाला जाणाऱ्या माणसांनो, आपल्या दारात कायदेशीर असलेली आपल्या गाडीची काच नदीच्या मध्यावर गुन्हा ठरते! — माझ्या भाषणाची सुरुवात अशीच करणार. राग निवायच्या आत लिहून ठेवते.

इडेला, माझी धाकटी बहीण, हॉस्पिटलात आहे. तिला ल्युपस. ऊन लागलं की चेहरा भाजल्यासारखा होतो, सांधे धरतात. म्हणून काचांना काळी फिल्म आणि सोबत डॉक्टरचा कागद. इथे साउथ कॅरोलिनात तो चालतो. काल जॉर्जियात शिरताच तिथल्या शेरीफच्या शिपायाने, डेप्युटी पुकेटने, तिला अडवलं. काचेला उजेड मोजायचं यंत्र चिमट्यासारखं अडकवलं — आरपार उजेड अठरा टक्के, कायद्याने किमान बत्तीस लागतो. तिने कागद पुढे केला.

"हा पुलाच्या त्या टोकाला दाखवा, मॅडम."

आणि तिच्या हातात ब्लेड! "इथेच खरवडा, नाहीतर गाडी उचलून नेतो."

दुपारचा एक. चाळीस मिनिटं ती रस्त्याच्या कडेला खरवडत होती.

पुकेट, तुला त्याच उन्हात उभा नाही केला तर व्हर्लीन नाव लावणार नाही.

बुधवार, १० जुलै

इडेलाचे डोळे सुजून मिटलेत. म्हणते, "ताई, भांडू नकोस. जॉर्जियाचाही कागद मिळतो म्हणे. अर्ज करू. मला फक्त कामावर जायचंय." कारखान्यात गोल्फच्या गाड्यांच्या गाद्या शिवते. एवढंच तिचं मागणं.

अर्ज! तीस वर्षं चर्चच्या व्यासपीठावरून गरजले ती काय अर्ज करायला?

शनिवार, १३ जुलै

फिल्म लावणाऱ्या लेगेटकडून यंत्र मागून आणलं. "पास्टरबाई, हे काचेला लावतात, पाप्यांना नाही," म्हणाला.

"बघू," म्हटलं.

पुलापलीकडे शेरीफच्या कचेरीसमोर डेप्युटींच्या घरच्या गाड्या उभ्या असतात. काचा अर्ध्या उघड्या — उकाडा! सात मोजल्या. सहा काळ्याकुट्ट. पुकेटची पिकअप — पाच टक्के!! फोटो काढले. एक डेप्युटी धावत आला. "काय करताय, मॅडम?"

"तुमचंच काम करतेय, बाळा. फुकट."

मंगळवार, १६ जुलै

पलीकडच्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मंडळाची सभा. बोलायला तीन मिनिटं. मला दोन पुरली. फोटो टेबलावर एकेक करून आपटले. मग आवाज चढवला — "माझ्या बहिणीला सोडता येत नसेल तर कुणालाच सोडू नका! पुलावर प्रत्येक काच मोजा! प्रत्येक!" माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी "आमेन" ओरडलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे तसाच ठराव मांडला. एकमताने मंजूर!

शेरीफने पुकेटला बाहेर आणलं. कोर्टाच्या पायऱ्यांसमोर, भर उन्हात, सगळ्यांदेखत स्वतःची काच खरवडायला लावली. ब्लेड मी दिलं. मग सावलीत बसून थंडगार गोड चहातला बर्फ चघळत पूर्ण वेळ बघत राहिले. त्याची मान लाल झाली होती. अजून व्हायला हवी होती.

गुरुवार, १८ जुलै

इडेला घरी. तिला थेट लेगेटकडे नेलं, फिल्म पुन्हा लावून घेतली. "आधी अर्ज करूया ना, ताई?" म्हटलं, आता तुला हात लावायची कुणाची छाती आहे!

शुक्रवार, १९ जुलै

पुकेटची आठवण झाली की अजून हसू येतं. क्षमेवरचं प्रवचन पुढे ढकललं.

सोमवार, २२ जुलै

पुलाच्या पलीकडच्या टोकाला आजपासून चौकी बसली. प्रत्येक काच मोजतात. आपल्या चर्चची अकरा माणसं अडवली. बारावी इडेला.

पुकेट नव्हता. एक तरुण डेप्युटी मुलगी होती, फार नम्र. म्हणाली, "माफ करा मॅडम, ठरावच तसा आहे. कुणालाच सोडायचं नाही."

इडेलाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "फिल्म काढली, ताई. तू आता कुठेही बोलायला जाऊ नकोस. उद्या सातला गाडी घेऊन ये. मी मागच्या सीटवर आडवी पडते, तू वरून गोधडी घाल आणि मला कामावर सोड."