केकचा दुसरा तुकडा

३ मार्च

लाडके चिमणे,

तुम्ही सगळे बरे असाल, तुझा गुडघाही फार कुरकुरत नसेल.

बोर्डिंगमधली न्याहारी आठवते? पावाच्या कडा तू मला द्यायचीस आणि मधला मऊ भाग मी तुला. मग प्रार्थनेला मी पोट धरून बसे. सिस्टर म्हणायच्या, "आज गणिताची परीक्षा आहे वाटतं!" एकदा तू एवढीशी उठून म्हणालीस, "नाही सिस्टर, ताईला खरंच दुखतं." माझ्यावर विश्वास ठेवणारी तू एकटीच. हा सिलिअॅक आहे, गव्हाचा कणही चालणार नाही, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत अर्धं आयुष्य गेलं.

इकडे सगळं ठीक. खिडक्यांना रंग लावून घेतला. घसा बसलाय म्हणून फोन घेत नाही, असा तुझ्या मुलाला निरोप धाडला होता. घसा ठणठणीत आहे.

तुझ्याकडून आले ती आडवीच झाले. पोट फुगलेलं, तोंड आलेलं, डोक्यात नुसता कापूस. यावर गोळी नसते. पाणी, मऊ भात आणि धीर. आता उठून बसते, घाबरू नकोस.

चिमणे, तांदळाच्या पिठाचा केक तू किती निगुतीनं केलास! नवं भांडं, नवा चमचा. फक्त पीठ चाळलंस ते रोजच्या कणकेच्या चाळणीनं. पहिला तुकडा संपला तेव्हा ती मला ओट्यावर दिसली, जाळीत कणीक अडकलेली. तू म्हणत होतीस, "ताई, आता कायमची इथंच ये. आणि घे गं अजून, तुझ्यासाठीच केलाय." तुझा चेहरा पाहून 'नको' म्हणवेना. खाल्ला.

तू बोलावलंस त्याला मी अजून उत्तर दिलं नाही. ताईला आपलं घर नकोसं झालंय, असं तुला वाटत असेल. घर हवंय गं. भीती वाटते ती तुझ्या आग्रहाची, आणि त्याहून माझ्या भिडेची.

तेव्हा असं करू. ओट्याचा एक कोपरा माझा. माझं मी शिजवीन. मी 'नको' म्हटलं की तू रुसायचं नाहीस. चालेल? चालत असेल तर महिनाअखेर येते.

घर आवरताना गोंधळ नको म्हणून आत्ताच सांगते. शिवणयंत्र तुझ्या सुनेला. कुंड्या शेजारच्या नर्सबाईंना, त्या पाणी घालायला विसरत नाहीत. पुस्तकं शाळेला. निळी शाल तुला, कितीदा मागितलीस! माझा तवा आणि दोन पातेली मात्र कुणाला नाहीत. अगदी तुलाही नाहीत.

बरी होत आलेली,
तुझी ताई