पाठमोरे सर दुकानात आले होते

ती. ताईस,

धाकटीचा लांबूनच नमस्कार. (जवळून करायला गेलं की तू आधी कामाला लावतेस.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला की त्यांनी औषध थांबवलं? इकडे सगळे ठणठणीत.

तुझ्या लेकीची शाळेच्या रिले संघात निवड झाली आणि तू परवानगीच्या फॉर्मवर सही करत नाहीस, हे मला कळलंय. फॉर्म चादरींच्या घडीखाली आहे आणि शुक्रवार शेवटचा दिवस आहे, हेही कळलंय. ‘आपल्या घरात पुन्हा कुणी रिले पळायचं नाही,’ असं म्हणालीस म्हणे. पण तो विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाही. मायलेकींच्या मध्ये पडणारी मी कोण? (मावशी. पण असो.)

लिहायचं कारण वेगळंच. परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात पाठमोरे सर आले होते. आपले खेळाचे सर गं! खरं आडनाव काय होतं देव जाणे. मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओरडायचे, ‘उंच मुली, टाच टेकतेयस!’ आणि ती खरोखरच टाच टेकत असायची. आठवतं, त्यांना फसवायला आपण बुटांची अदलाबदल केली होती? मी तुझ्या होड्यांमध्ये फटाक फटाक पळत होते, आणि सर न वळता म्हणाले, ‘धाकटे, बहिणीचे बूट घातले म्हणून तिचे पाय येत नाहीत.’ माझ्या अंगावर अजून काटा येतो. हा माणूस आपल्याला शिकवायला मिळाला, हेच मला कधी कधी खरं वाटत नाही.

त्यांचा नियम एकच: बॅटन घेणारीनं मागे बघायचं नाही. हात मागे करायचा आणि विश्वास ठेवायचा. घरी सराव करा म्हणाले, आणि आपण केला! महिनाभर घरात एकही वस्तू समोरून दिली गेली नाही. ‘घे!’ म्हणून ओरडायचं आणि मागून हातात कोंबायची. कंगवा, साबण, मिठाची बरणी (तिचा तिथेच शेवट झाला). आईनं एकदा गडबडीत हात मागे करून झाकण मागितलं, तर तू तिच्या हातावर आजोबांची कवळी ठेवलीस. ती किंकाळी वरच्या मजल्यावर ऐकू गेली. आजोबा आपल्याला काय काय बोलले ते कवळी नसल्यामुळे कळलं नाही, हे आपलं नशीब.

आणि मग ती शर्यत. तिसरी तू, शेवटची मी. आपण चांगली चार पावलं पुढे होतो, आणि तुझ्यामाझ्यात बॅटन मातीत पडलं. दुसऱ्या दिवशी सर सगळ्या शाळेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘चूक माझी आहे. सराव कमी पडला.’ अगं, एक दिवस खाडा नव्हता! केवढं मोठं मन लागतं असं बोलायला! तू मात्र आठवड्याभरात बूट देऊन टाकलेस आणि पुन्हा मैदानावर फिरकली नाहीस.

तर परवा. सर आरशाकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. नजर पार गेलीय, तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसेना. मी मागून फ्रेमचा ट्रे घेऊन आले, तोच म्हणाले, ‘धाकटी ना? डावा पाय अजून फेकतेस.’ बावीस वर्षांनी! आणि पायात दुकानातल्या सपाता! ट्रे हातातून सुटला, अकरा फ्रेम फरशीवर. मालक माझ्यावर खेकसले, तर सर त्यांनाच म्हणाले, ‘पडू दे हो, पोरगी दचकली.’ मग तुझी वेळ सांगितली, अगदी सेकंदाच्या दशांशासकट. ‘थोरली पुन्हा पळली का कधी?’ मी म्हटलं, कंबर दुखते तिची. मग म्हणाले, ‘तिच्यासारखी पावलं मी पुन्हा ऐकली नाहीत.’ मी चष्मे पुसायच्या फडक्यानं डोळे पुसले.

बाकी सर्व क्षेम. कंबरेला शेक देत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. सर निघताना हळूच एक विचारून गेले: ‘त्या दिवशी तिची पावलं बरोबर होती. अडखळलीस तू. तिला सांगितलंस का?’ नाही सांगितलं, ताई. तू बॅटन बरोबर माझ्या हाताशी आणलं होतंस. मी मागे बघितलं, पाऊल अडखळलं आणि माझा हात हलला. तू रडत ‘मी पाडलं, मी पाडलं’ म्हणत होतीस आणि मी भित्रट गप्प उभी राहिले. सरांना तेव्हाच कळलं होतं. बावीस वर्षं त्यांनी वाट पाहिली, मी सांगेन म्हणून.

आणखी एक ता. क. का बघितलं, असं विचारशील. सहा महिने तू रोज माझ्या पाठीमागून धावत यायचीस, आणि मी तुला एकदाही धावताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळं मैदान तुझ्यासाठी ओरडायला लागलं आणि मला राहवलं नाही. ताई, काय येत होतीस गं तू! मला हाताचं भानच राहिलं नाही. शनिवारी मी तुझ्या लेकीचा सराव बघायला गेले होते. ती अगदी तश्शीच येते. सही कर, आणि एकदा येऊन बघ तिला.