नावापुढचं एम.कॉम.

प्रिय तात्या,

आपल्या गावचे सांडूकाका इथं शहागंजच्या बाजारात खरेदीला आलेत, त्यांच्याच हाती हे पाठवतेय. फोनवर तुम्ही इतके खुशीत असता, की माझं सांगायचं राहूनच जातं. शिवाय इथं घरात सगळ्यांना ऐकू जातं. आईलाही वाचून दाखवा, पण दार लोटून.

बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी बद्रीनाथकाकांनी औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात पेढे वाटले. येईल त्याला सांगत होते, "आता अकाउंटन्सीत एम.कॉम. करणार आमची कावेरी. सकाळी कॉलेज, मग इथंच." मला कुणी विचारलं नव्हतं. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याकडं राहिले, जेवले, लोकांची विवरणपत्रं भरायला शिकले. मला डेंगी झाला तेव्हा काका दवाखान्यात खुर्चीवर बसून झोपायचे. अशा माणसाला नाय कसं म्हणायचं, तात्या? वाईट वागले असते तर सोपं गेलं असतं.

मला काय हवंय ते सांगते. पुण्यात एका कॉलेजात आणखी शिकून अकाउंटन्सी आणि संख्याशास्त्र अशा दोन मुख्य विषयांची पदवी घेता येते. आकडे नुसते जुळवायचे नाहीत, ते काय सांगतात ते शोधायचं. आपल्या पिशोरला अद्रकाचा भाव एकाएकी का पडतो म्हणून तुम्ही डोकं धरून बसता ना, तसल्या प्रश्नांचा अभ्यास. एम.कॉम. वाईट आहे असं नाही. पण ते केलं की मी कुठं बसलेली असेन, कुणाच्या फायली समोर असतील, हे मला आत्ताच दिसतंय.

काकांना एकदा भीतभीत सांगून पाहिलं. रागावले नाहीत. हसून म्हणाले, "अगं, दोन-दोन विषय कशाला? एकात पक्की हो. हे सगळं तुझंच हाय." काकू म्हणाल्या, "लई नशीबवान हाएस पोरी."

मग मागच्या सोमवारी ऑफिसावर नवी पाटी लागली. काकांच्या नावाखाली माझं नाव, आणि नावापुढं 'एम.कॉम.'. प्रवेशसुद्धा घेतला नव्हता! नारळ मलाच फोडायला लावला. शेजारच्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी तिथूनच तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही रडलात. "पोरीनं नाव काढलं," म्हणालात. मी "व्हय तात्या" म्हटलं, आणि मागं जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

आता खरं सांगते. पुण्याला मी गुपचूप अर्ज केला होता. माझा नंबर लागलाय, वसतिगृहही मिळतंय. शुक्रवारी मूळ गुणपत्रिका घेऊन हजर व्हायचंय, आणि त्या आहेत काकांच्या कपाटात, कुलपात. हरवतील म्हणून त्यांनीच ठेवल्या. मागितल्या तर विचारतील, कशाला? आणि मी एकटी असले की पुन्हा गप्प बसेन, मला माहीत आहे. म्हणून गुरुवारी तुम्ही या. माझं म्हणणं पटलं नसलं तरी या. काकांशी भांडू नका, माझी बाजू घेऊ नका. नुसते माझ्या शेजारी बसा. बोलेन मी.

तुमचीच,
कावेरी