लिफ्टचं जुळं आणि आत्याचा नकार

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसून जेवढी अंगं टेकवता येतात तेवढ्यांनिशी). गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांचं औषध तू कुंडीत ओततेस असं तुझ्या शेजारणीने कळवलं आहे, तेव्हा रोपाची तब्येतही लिही. आम्ही दोघं मजेत आहोत. खंत एकच, वर्ष झालं तरी आमच्या घराला तुझे पाय लागलेले नाहीत. नवव्या मजल्यापर्यंत जिना चढवत नाही आणि लिफ्टमध्ये एकदा अडकले तेवढं पुरे, हे तुझं उत्तर मला पाठ झालं आहे. आज ते खोडून काढायलाच बसलो आहे, कारण लिफ्ट या विषयात सध्या माझ्याइतका मुरलेला माणूस आपल्या घराण्यात नाही.

आम्ही लिफ्टचं जुळं बनवतो. म्हणजे खरी लिफ्ट इमारतीत वरखाली करते आणि तिची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरमध्ये. मोटर किती तापली, दार लागलं का, आत वजन किती, हे लिफ्टला बसवलेले सेन्सर क्षणाक्षणाला कळवतात आणि नक्कल तशी वागते. खरीचं काही दुखणार असेल तर आधी जुळ्यावरून कळावं, हा हेतू. या सगळ्याचं आर्किटेक्चर माझ्याकडे (विटा-सिमेंटचा काही संबंध नाही). कोणी कोणाला निरोप द्यायचा, कोणी लक्षात ठेवायचं, कोणी नुसतं बघायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही, हे ठरवायचं. घरातल्या लग्नांत तू हेच करायचीस, फक्त तुला पगार नव्हता. तर माझ्या आर्किटेक्चरमध्ये एक बारीकशी गोम राहिली. लिफ्टकडून निरोप यायचे थांबले तर जुळ्याने काय करावं? मी ठरवलं, अंदाजाने पुढे चालत राहावं. चित्र मध्येच अडखळलं की गिऱ्हाईक बिचकतं, आणि गप्प आहे म्हणजे बरंच असणार, असं मला वाटलं.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. गिऱ्हाइकाकडून तपासनीस बाई आल्या. हे काम गेलं तर आमचं सगळं खातंच बंद होणार होतं, त्यामुळे मोठे साहेब सकाळपासून टाय घट्ट करत होते. साहेब, बाई आणि मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो आणि सहाव्या-सातव्या मजल्यांच्या मध्ये वीज गेली. (आत्या, इथे पत्र खाली ठेवू नकोस, पुढे चांगलं आहे.) लिफ्ट जागच्या जागी थांबली. सेन्सर गप्प झाले. जुळं मात्र रुबाबात वर निघालं. तळाशी बॅटरीवरच्या स्क्रीनसमोर माझ्या हाताखालचा पोरगा बसला होता (ऑफिसात त्याला सगळे 'घाईगडबड' म्हणतात). मी फोन केला तर म्हणतो, अडकलात कुठे, तुम्ही नवव्या मजल्यावर आहात, दार उघडं आहे, बाहेर या की! मी काकुळतीला आलो, पण त्याचा विश्वास स्क्रीनवर. थोड्या वेळाने जुळ्याने आम्हाला खालीसुद्धा आणलं, आणि हा पठ्ठ्या तळमजल्यावर बंद दारासमोर फुलांचा गुच्छ घेऊन उभा राहिला.

साहेबांनी टाय सोडला आणि ते कोपऱ्यात उकिडवे बसले. बाई मात्र शांतपणे आपल्या बॅगेवर बसल्या. मोबाइलच्या उजेडात त्यांनी मला विचारलं, "तुमच्या या जुळ्याला 'मला माहीत नाही' असं म्हणता येतं का?" मी नाही म्हणालो. मग मेकॅनिकने दार उघडेपर्यंत मी आणि बाईंनी लिफ्टच्या भिंतीवर मार्करने नवं आर्किटेक्चर काढलं. (भिंत पुसण्याचा खर्च साहेबांनी दिला.) निरोप थांबला की जुळ्याने अंदाज बंद करायचा, अंग करडं करून घ्यायचं आणि सरळ माणसाला हाक मारायची. आठवड्याने आम्ही मुद्दाम वायर उपटली. स्क्रीन करडी झाली, घंटा वाजली आणि सगळ्या ऑफिसने टाळ्या पिटल्या. काम आमच्याकडेच राहिलं. आत्या, मला इतका आनंद पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

तात्पर्य असं की लिफ्ट अडकते, पण पडत नाही. वीज गेली की तिचा ब्रेक आपोआप लागतो, आणि आता तर ती अडकल्याचं सगळ्यांना लगेच कळतं. तेव्हा भीती सोड आणि ये.

तुझा,
लिफ्टमधून सुखरूप बाहेर आलेला भाचा

ता. क. वरचं सगळं तुझ्या भाचेसुनेने वाचलं. ती म्हणते, हे वाचून मीच आता जिन्याने जाणार.

ता. क. दुसरा. घरात तिसरं माणूस येणार आहे. तू आल्यावरच सांगायचं ठरलं होतं, पण मला राहवत नाही. आम्हा दोघांनाही आई नाही. मला न्हाऊमाखू घालणारे तुझेच हात होते. बाळालाही तेच हवेत. मला भीती वाटते गं, आणि तू असलीस की वाटणार नाही.

ता. क. शेवटचा. म्हणून आम्ही नववा मजला सोडतोय. तळमजल्यावरचं घर ठरवलं आहे, उन्हाची खोली तुझी. पायरी एकसुद्धा नाही. फक्त तपासनीस बाई कधी घरी आल्याच, तर लिफ्टचा आर्किटेक्ट तळमजल्यावर का राहतो, ते तूच सांभाळून घे.