आवाज उशिरा पोचतो

मुस्तलाइद बेट,
४ ऑक्टोबर

ती. हेल्वे आत्यास,
पिरेतचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी तू म्हणालीस की यंत्रातून माझा आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा येतो. म्हणून पुन्हा कागद आणि शाई. शाळेला संगणक शिकवायला आलेली बाई आत्याला टपालानं पत्रं पाठवते, ही बातमी पोस्टातल्या बाईंनी गावभर केली आहे.

खोली बरी आहे. या रस्त्यावरची सगळी घरं राजधानीतून, तालिनहून, उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या लोकांची. ते गेले आणि खिडक्यांना फळ्या ठोकून गेले. सकाळी निघताना मी मुद्दाम दिवा लावून जाते, म्हणजे परतताना रस्त्यात कुठेतरी उजेड दिसतो. वीज वाया जाते म्हणून रागावू नकोस.

माझं काम काय, असं तू दोनदा विचारलंस. मुलांना मी शिकवत नाही. शिक्षकांना वर्गात ही यंत्रं वापरता यावीत म्हणून त्यांच्या बाजूला उभं राहायचं, एवढंच. सुतारकामाचे ऊनोसर टॅबलेटवरचा भुसा फुंकून उडवतात आणि विचारतात, आता का नाही चालत हे? त्यांच्याशी माझं जमेल. जमत नाही ते साल्मेबाईंशी. संगीत शिकवतात, शाळेचं समूहगान त्यांचंच. साठी उलटली आहे, पाठ ताठ, पांढरी वेणी. त्यांच्या वर्गातल्या नव्या स्क्रीनच्या फळ्यावर त्यांनी लोकरीची शाल टाकून ठेवली आहे. मी काढायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, थंडी वाजते त्याला. मुलं हसली. मीही हसले, पण खोलीवर आल्यावर मात्र हसू आलं नाही.

कान तपासून घे. आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पिरेत

व्होरू,
६ नोव्हेंबर

चि. पिरेतला अनेक आशीर्वाद.

कान तपासले. डॉक्टर पोरगेलासा आहे. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, म्हणजे तपासणी बरोबर झाली म्हणायची.

लाकडं रचून झाली. शेजारची मिल्वी मुलीकडे फिनलंडला राहायला गेली, कायमची. कुंपणाशी उभं राहून जिच्याशी भांडावं असं आता कुणी उरलं नाही, म्हणून चुलीशी बोलते. चूल उलट उत्तर देत नाही, हा मिल्वीपेक्षा तिचा एक गुण.

तुझ्या साल्मेबाईंविषयी सांगते. तू हातात काही घेऊन गेलीस की ती दार लावणार. मीही लावलं असतं. शिकवायला आलेल्याला शिक्षक दार उघडत नाही. मदत मागायला आलेल्याला उघडतो. तुला गाता येत नाही, लहानपणी नाताळात तू नुसतं तोंड हलवायचीस. तेच भांडवल घेऊन जा.

मी शिकवायचे त्या बंद पडलेल्या शाळेवरून परवा गेले. विकत घेणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात गरम पाण्याचा हौद बसवला आहे म्हणतात. मी आत डोकावले नाही.

जेवत जा. नुसत्या पाव-चहावर राहू नकोस. बोटीवर एखादा बिनलग्नाचा माणूस असला तर तेही कळव. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नयेत.

तुझी,
हेल्वे आत्या

मुस्तलाइद,
९ जानेवारी

ती. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी युक्ती चालली. तू म्हणालीस तसं केलं. रिकाम्या हातानं गेले आणि सांगितलं की मला सूर लागत नाही, समूहगानात मागे उभी करा. साल्मेबाईंनी माझ्याकडून एक ओळ गाऊन घेतली आणि म्हणाल्या, तुला देवानं माफ केलं असेल, मी नाही करू शकत. आणि स्वतःच हसत सुटल्या. मग पुढचे काही आठवडे मी तालमीत नुसती खुर्च्या मांडत होते.

तिथं अडचण दिसली. मुलं बेटाच्या टोकाटोकावरून येतात, बस सुटायची म्हणून तालीम अर्धी सोडून पळतात. घरी सराव करावा तर खालचा सूर कुणाला धरता येत नाही, सगळी वरच्याच सुरात वाहून जातात. मी म्हटलं, तुम्ही एकेक सूर वेगळा गा, मी ध्वनिमुद्रित करते. मुलं घरी तुमच्याबरोबर गातील. त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून केलं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा त्यांनी कान जवळ आणला. म्हणाल्या, ही मी नव्हे, ही माझी आई आहे. तेच पुन्हा लावायला सांगितलं. मग धुरावलेला मासा आणि उकडलेले बटाटे वाढले, आणि मी इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी टेबलावर जेवले. त्यानंतर दर रविवारी जेवते आहे.

आता मुलं खालचा सूर असा धरतात की ऊनोसर काम टाकून दारात येऊन उभे राहतात. उन्हाळ्यात तालिनला गाण्याचा महामेळा आहे, त्याच्या निवडीत हा वृंद बसेल असं बाई म्हणतात. फळ्यावरची शालही निघाली. मुख्याध्यापक तार्वोसर तर हरखलेच. शाळेला पैसा देणाऱ्या मुख्य भूमीवरच्या परिषदेला अहवाल लिहायला त्यांनी मला सांगितलं. तो मी अगदी मन लावून लिहिला.

नाताळच्या संध्याकाळी साल्मेबाई बहिणीकडे गेल्या होत्या. सगळं गाव स्मशानात मेणबत्त्या लावायला गेलं, मीही गेले. माझं इथं कुणी पुरलेलं नाही. ज्या थडग्यावर दिवा नव्हता असं एक शोधलं आणि तिथं लावला. आईला तू लावला असशीलच.

विसरू नकोस, इतकंच.

पिरेत

मुस्तलाइद,
१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

आज सविस्तर लिहायचं बळ नाही. परिषदेनं माझा अहवाल वाचला. त्यातून त्यांनी अर्थ काढला तो असा, की संगीत आता यंत्रातून शिकवता येतं. साल्मेबाईंचे सूर मुद्रित झालेलेच आहेत. पुढच्या वर्षापासून मुख्य भूमीवरची एक शिक्षिका पडद्यावरून तास घेईल, आणि इथली संगीताची जागा रद्द. माझी जागा मात्र राहणार, उलट माझं कौतुक केलं आहे.

तार्वोसरांनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर वाचून दाखवलं. साल्मेबाईंनी कप विसळला, पालथा घातला आणि गेल्या. मी मागे धावले. त्या जिन्यात थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, मासा तुला आवडायचा ना, मग एवढं कशाला केलंस? आणि खाली उतरून गेल्या. फळ्यावर शाल परत आली आहे. या रविवारी मी खोलीतच होते.

समुद्र गोठत चालला आहे, बोट कधी येते कधी नाही. हे पत्र कधी मिळेल देव जाणे. मी काय करू ते कळव.

पिरेत

व्होरू,
२६ फेब्रुवारी

चि. पिरेतला आशीर्वाद.

पत्र आज मिळालं, आजच लिहिते आहे. तू काहीही करू नकोस. ऐकलंस? तुझा हेतू वाईट नव्हता, ते तिला आज ना उद्या कळेल. पण तू उठून भांडायला गेलीस तर तिची जागाही जाईल आणि तुझीही. आमची शाळा बंद करायला निघाले तेव्हा मी सभेत उभी राहून बोलले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शाळा बंद झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही नंतर दार ठोठावलं नाही.

तुझ्यामागे माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझं वय तुला माहीत आहे. हातातली भाकरी सोडू नकोस. ही तुझ्या आईची बहीण नव्हे, बापाची बहीण बोलते आहे. आमच्या घराण्यात शहाणपण उशिरा येतं म्हणून आधीच पाठवते आहे.

तुझी,
हेल्वे आत्या

मुस्तलाइद,
१८ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं शहाणपण निघालं वेळेवर, पण बर्फात अडकलं. काल मिळालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रागावायचं असेल तर आधी पूर्ण वाच.

मागच्या आठवड्यात गोठलेल्या समुद्रावरून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि परिषदेच्या बाई शाळेत आल्या. पडद्यावरच्या तासाचा नमुना बघायचा होता. जोडणी मीच केली, आणि चांगली केली, आत्या. मुद्दाम बिघडवली नाही. तसं मनात येऊन गेलं, पण ते हातून होईना. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मुख्य भूमीवरची शिक्षिका गोड होती, मुलांशी छान बोलली. साल्मेबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर हात.

मग गाणं सुरू झालं. यंत्रातून आवाज जातो तो किंचित उशिरा पोचतो. बोलताना ते जाणवत नाही. पण मुलं तिकडे उशिरा ऐकू आली म्हणून ती शिक्षिका त्यांच्यासाठी थोडी थांबली. तिचं थांबणं इकडे पोचलं म्हणून मुलं तिच्यासाठी थांबली. ती आणखी थांबली, मुलं आणखी. सगळे एकमेकांसाठी थांबत गेले आणि दुसऱ्या कडव्यात गाणं चिखलात रुतल्यासारखं उभं राहिलं. मुलं खुसखुसली.

परिषदेच्या बाईंनी विचारलं, हे दुरुस्त कधी होईल? मी सांगितलं की कमी होईल, जाणार नाही. पडद्यावरची शिक्षिका म्हणाली की मुलांचा आवाज माझ्याकडे बंद करा, मग ती माझ्याबरोबर नीट गातील. ते खरं होतं. परिषदेच्या बाईंचा चेहरा उजळला. मी हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी म्हटलं, मग कोण बेसूर आहे आणि कोण नुसतं तोंड हलवतं आहे, हे कोण ऐकणार?

बाई वाईट नाहीत. त्या थकल्यासारख्या म्हणाल्या की पिरेत, दोन जागांना पैसा नाही, एकच राहील. तार्वोसर बुटांकडे बघत होते. मी म्हटलं, तर मग माझी काढा. फार शांतपणे म्हटलं.  साल्मेबाई तोवर मुलांना बसपाशी सोडायला गेल्या होत्या. त्यांनी यातलं काही ऐकलं नाही आणि मी सांगितलेलंही नाही.

जूनपर्यंत पगार आहे. पुढे काय ते माहीत नाही.

पदरात घे.

पिरेत

व्होरू,
५ एप्रिल

चि. पिरेतला आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस रागावले होते, मग चुलीनं समजूत काढली.

तुझ्या बापानंही एकदा अशीच चांगली नोकरी सोडली होती, आणि मी त्याला गाढव म्हटलं होतं. तुला म्हणणार नाही, कारण तू वाचशील तेव्हा मी समोर नसेन आणि तुझा चेहरा बघायला मिळणार नाही. इथं तालुक्यातल्या लहान शाळांना मिळून तुझ्यासारखी एक बाई हवी आहे, असं दुकानात कळलं. दुकानदारीणबाईंकडून कागदावर लिहून घेतलं, कारण ऐकण्याचा भरवसा नाही. पत्ता सोबत आहे. अर्ज कर. माडीवरची खोली मी मोकळी करते आहे. मिल्वीच्या घरात अजून कुणी आलेलं नाही. संध्याकाळी पलीकडे काळोख असतो, तेव्हा मला तुझा तो दिवा आठवतो.

साल्मेला सांग. मोठेपणा गिळून बसू नकोस, तो पचत नाही.

तुझी,
हेल्वे आत्या

मुख्य भूमी, बोटीचा धक्का,
२१ जून

ती. आत्यास,
पिरेतचा प्रेमपूर्वक नमस्कार.

बस यायला वेळ आहे म्हणून इथं कट्ट्यावर बसून लिहिते आहे. हे पत्र माझ्यानंतर पोचेल बहुतेक. तरी लिहिते, कारण तोंडानं मला सांगता यायचं नाही.

साल्मेबाईंना मी सांगितलं नाही. तार्वोसरांनी सांगितलं, मे महिन्यात, वृंदाची निवड झाली त्या दिवशी. संध्याकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या की ध्वनिमुद्रण एकटीनं कसं करायचं ते मला दाखव, पुढच्या वर्षी तू नसशील. मी दाखवलं. दर मंगळवारी दाखवलं. रविवारचं बोलावणं मात्र परत आलं नाही, आणि मीही वाट बघायची सोडली. काही गोष्टी फुटल्यावर चिकटवता येतात, पण त्यात पाणी ठेवता येत नाही.

शेवटच्या आठवड्यात मला कुणीच हाक मारली नाही. ऊनोसरांचा टॅबलेट चालत होता, सगळ्यांचं सगळं चालत होतं. याचसाठी तर मी आले होते. दार उघडं टाकून बसून राहिले. संगीताच्या वर्गावरून गेले तेव्हा साल्मेबाई स्वतः सूर मुद्रित करत होत्या. आवाज कमी-जास्त करणं, नको तो भाग कापणं, सारं न बघता बोटांनी. मी आत गेले नाही.

आज बेटावरच्या धक्क्यावर तार्वोसर आले, ऊनोसर आले, पावाला लोणी लावायची लाकडी सुरी भेट दिली. त्या आल्या नाहीत.

बोट निघाली आणि बेट बारीक होऊ लागलं, तेव्हा फोन वाजला. साल्मेबाई. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाल्या, या यंत्राचा आवाज कमी कसा करायचा ते विसरले. मी सांगू लागले. वरची कळ दाबा, मग उजवीकडे. त्या म्हणाल्या, हं. मग म्हणाल्या, आणि वाढवायचा कसा? मी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा सांग, सावकाश सांग. मी सावकाश सांगितलं. वारा फार होता, त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक मात्र ऐकू येत होती. त्यांना ते सारं येतं, आत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी सांगत राहिले. केव्हातरी समुद्रात आवाज तुटला. कुठे तुटला ते मला कळलं नाही, म्हणून मी बराच वेळ एकटीच बोलत होते.

येते आहे. सांभाळून घे.

तुझी,
पिरेत