मोहाखालची कालकुपी

लाखनी,
४ जुलै २०२२

ती. रीनाताईस,
सुगतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना बहीणभाऊ पत्रं कशाला लिहितात, असं तुझी भावजय प्रतिक्षा हसून विचारते. मी सांगितलं, कोंढ्याला ताईच्या घरी फोन एक आणि कान सात; तिला मनातलं लिहूनच बोलता येतं.

इकडची बातमी अशी, की स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीनिमित्त आमची इथली लाखनीची कचेरी कालकुपी पुरणार आहे. म्हणजे स्टीलचा मोठा डबा. त्यात आजच्या वस्तू घालून जमिनीत पुरायचा आणि शंभराव्या वर्षी, २०४७ मध्ये, उघडायचा. वस्तू जमवण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. आतापर्यंत धानाच्या पाच जातींचं बियाणं, पितळेचा गडवा, शाळेतल्या पोरांचे निबंध आणि साहेबांच्या भाषणाचा पेन ड्राइव्ह एवढं जमलंय. पंचवीस वर्षांनी तो पेन ड्राइव्ह खुपसायचा कशात, हे विचारायची माझी हिंमत नाही.

आणि कुपी कुठे पुरणार माहीत आहे? आपल्या गावात! साहेबांना उंच, कोरडी, सरकारी जागा हवी होती. मी तलावाच्या पाळीवरची मोहाच्या झाडाखालची मोकळी जागा दाखवली, ती त्यांना बघताक्षणी आवडली. चुन्याची खूणही मारून झाली. दहा फुटांचा खड्डा होईल. आज आईबाबा असते तर बाबा गावभर सांगत सुटले असते. पंधरा ऑगस्टला तू आणि भाऊजी यायचंच, सबब चालणार नाही.

घरी सर्वांना जयभीम. धाकट्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा,
सुगत

कोंढा,
९ जुलै २०२२

चि. सुगतला,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोस्टमननं पत्र बांधावरच आणून दिलं. वाचलं आणि मी तिथेच बसले. रोवणीच्या बाया विचारू लागल्या, तेव्हा चक्कर आली म्हणून सांगितलं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, मुलगा झाला आणि अकराव्या दिवशी गेला, एवढं तुला ठाऊक आहे. तू चौथीत होतास, तुला मावशीकडे ठेवलं होतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी तिकडे जायचं नसतं, आणि मी तर ओली बाळंतीण. बाबा आणि शेजारचे सुखरामकाका त्याला घेऊन गेले. परत आल्यावर बाबांनी सांगितलं, पाळीवर मोहाखाली ठेवलं.

माहेरी आले की मी पाळीवर पाय मोकळे करायला जाते आणि तुम्ही मला चिडवता. मी तिथे जाते ती त्याच्यासाठी. तेवीस वर्षं झाली. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे हाकही मारता येत नाही, नुसती बसते.

आता तिथे दहा फूट खणणार म्हणतोस. सुगत, सुखरामकाका अजून आहेत. त्यांना पाळीवर ने, नेमकी जागा विचारून घे आणि ती खूण दहा हात पलीकडे सरकव. कुणाला कारण सांगू नकोस. एवढी लांब पाळ आहे, सरकारला तेवढीच जागा लागते असं थोडंच आहे? तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. हे मागते आहे.

प्रतिक्षाला आणि पोरांना आशीर्वाद. उत्तराला उशीर करू नकोस, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई

लाखनी,
१६ जुलै २०२२

ती. रीनाताईस,
सुगतचा जयभीम. वि. वि.

मला ठाऊक असतं तर त्या जागेकडे मी बोटसुद्धा दाखवलं नसतं. तू पाळीवर निघालीस की हसणाऱ्यांत मीच पुढे असायचो, हे आठवून माझी मलाच लाज वाटली.

सुखरामकाकांकडे जाऊन आलो. त्यांचे डोळे गेलेत, पण आठवण पक्की आहे. खूण मी सरकवलेली नाही. पण ताई, तुझ्या बाळाला खड्ड्याचा धक्का लागणार नाही, हे शपथेवर सांगतो. कसं, ते विचारू नकोस. आषाढी पौर्णिमेला विहारात जाऊन त्याच्यासाठी वंदना घेतली.

पाऊस फार आहे. तब्येतीला जप, आणि माझ्यावर भरवसा ठेव.

तुझा,
सुगत

कोंढा,
२१ जुलै २०२२

चि. सुगतला,
आशीर्वाद. वि. वि.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. खूण सरकवली नाही, धक्का लागणार नाही आणि कसं ते विचारू नकोस! दहा फूट खणून धक्का लागत नाही, ही विद्या तुमच्या कचेरीत शिकवतात का? साहेबांपुढे तोंड उघडत नसेल तर तसं सरळ लिही. निदान भाऊ भित्रा आहे एवढं तरी मला कळेल.

तुझ्या भाऊजींना मी काल पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाप म्हणून मीही येतो. खड्डा कुठल्या दिवशी खणणार ते कळव. आम्ही दोघं त्या चुन्याच्या खुणेवर जाऊन बसू. पोलीस आले तर येऊ देत. जेसीबीवाल्यानं आधी मला उचलावं.

रागाने लिहिलं आहे. तरीही भाऊ आहेस म्हणूनच लिहिलं.

तुझी,
ताई

लाखनी,
२६ जुलै २०२२

ती. ताईस,
सुगतचा जयभीम. वि. वि.

ताई, येऊन बसू नका. मोहाखाली कुणी नाही.

सुखरामकाकांनी सांगितलं तेच लिहितो. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. आपल्या समाजाची जागा नाल्यापलीकडे, आणि नाला दुथडी भरलेला. पलीकडे जाता येईना, म्हणून ते पाळीवर आले आणि मोहाखाली खणलं. खड्डा तयार झाला तेवढ्यात गावातली चार माणसं आली. म्हणाली, हे पिण्याचं पाणी आहे, तुमच्या लोकांनी इथे पुरायचं नाही. बाबांनी रिकामा खड्डा बुजवला, बाळाला घोंगडीखाली छातीशी धरलं आणि मागच्या वाटेनं घरी आले. घरामागच्या सांदवाडीत, भिंतीला लागून, पेरूखाली त्याला ठेवलं. आईला ठाऊक होतं. बाबांनी काकांना बजावलं होतं, पोरीले सांगू नोको, थे तिथंच बसून राहील, सासरी जाणार नाही.

सांदवाडी आता उरलेली नाही. माझ्या लग्नाआधी मी तिथेच स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. बाबा नको म्हणत होते आणि कारण सांगत नव्हते. मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हातारपणी बुद्धी फिरली असंही बोललो. शेवटी त्यांनी एवढंच मागितलं, की पेरूच्या कोपऱ्यात खांब नको. मिस्त्रीनं खांब तीन फूट सरकवला. पाया खणला त्या दिवशी बाबा तिथे बाज टाकून बसून होते, जेवायलाही उठले नाहीत.

तो कोपरा म्हणजे मागच्या खोलीतला खिडकीजवळचा. तू आलीस की बाबा तुझं अंथरूण तिथेच घालायला लावायचे. आम्हाला वाटायचं, वारा लागतो म्हणून.

हे तुला कळू नये असं मला वाटत होतं. त्या चार जणांपैकी दोघं आज हयात आहेत, कचेरीतून गावी परतलो की रोज भेटतात. मी अजून त्यांना काही बोललेलो नाही. तू म्हणशील तर फरशी उचलतो, आणि पाणी ओसरलं की बाळाला नाल्यापलीकडे, आपल्या माणसांत नेऊ. नाहीतर काय करायचं ते तूच सांग. कार्यक्रमाला नसलीस तरी घरी ये.

चुकलं तर कान पिरगाळ, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
सुगत

कोंढा,
१८ ऑगस्ट २०२२

चि. सुगतला,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. चार वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं.

पेपरात तुमच्या कार्यक्रमाचा फोटो पाहिला. मोहाभोवती लोखंडी कठडा आणि काळ्या दगडाची पाटी, २०४७ पर्यंत येथे खोदकाम करू नये. राखणीला माणूसही ठेवलाय म्हणे. त्या दिवशी बाबांना हटकलं नसतं, तर माझ्या लेकराचीही पंचवीस वर्षं राखण झाली असती. त्या दोघांपैकी कुणी मंचावर बसलं होतं का, ते मला कळवू नकोस.

त्या पावसात मी आतल्या खोलीत पडले होते. भिंतीपलीकडे कुदळ वाजत होती. मी आईला विचारलं, काय करून राहिले? ती म्हणाली, पाणी साचलं, त्याले वाट करून देऊन राहिले. मी बरं म्हटलं आणि कूस वळवली. तेवीस वर्षांत तो आवाज एकदाही आठवला नव्हता. तुझं पत्र आल्यापासून तो थांबत नाही. आईबाबांचा राग येतो, आणि त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं तेही सुचत नाही.

फरशी उचलू नकोस. तेवीस वर्षांनी हाताला काय लागणार आहे? काही लागलं तर मला बघवणार नाही, आणि नाही लागलं तर तेही सोसणार नाही. भाऊजींचंही हेच म्हणणं पडलं. पोरांना यातलं काही सांगू नका, त्यांना तिथे खेळू द्या.

घरी ये म्हणतोस. कशी येऊ? त्या खोलीत मला झोप लागणार नाही, आणि त्याला तिथे एकटं टाकून दुसऱ्या खोलीतही माझ्यानं झोपवणार नाही. माहेर तुटलं रे माझं.

माझी वाट पाहू नकोस, पण पत्र पाठवत जा.

तुझी,
ताई