बारा जीबीचं कार्ड

प्रिय अपेक्षा,

सासूचं पत्र बघून तू चकित होशील. फोन लावला असता, पण फोनवर तू 'हं, हं' करतेस आणि मी भाजीचा विषय काढते. चार महिने झाले तुला माहेरी मौद्याला जाऊन, आणि आपण दोघी अजून भाजीवरच आहोत. म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस.

आधी बातमी. काल मी सीताबर्डीवर जाऊन नवा कॉम्प्युटर घेतला. हो, मीच! पोटच्या लेकाला, ऋषिकेशला सांगितलंसुद्धा नाही. शेजारच्या कांताबाईंना सोबत नेलं. एसीची गार हवा असलेल्या दुकानात जायला त्या कधीही तयार असतात. तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी मी अलगद काढून घेतली होती. ग्राफिक्स कार्डाची मेमरी बारा जीबी, पॉवर सप्लाय साडेसहाशे वॅट, कार्ड कॅबिनेटमध्ये बसतं का ते मोजणे. लोकांची घरं उभी राहायच्या आधी ती कशी दिसतील याची चित्रं तू करतेस, त्याला एवढं सगळं लागतं हे मला तेव्हा कळलं. मी आपली म्हणायचे, बसल्या जागी माऊस हलवते.

दुकानदार सुशीलभाऊ गोड बोलणारा. त्याने एक कार्ड दाखवलं, नाव अगदी तुझ्या यादीतलं. कांताबाई म्हणाल्या, घेऊन टाका. पण मी जन्मभर कोष्ट्याच्या घरात राहिलेली. लुगडं उलट्या बाजूने पाहिल्याशिवाय घेत नाही. कार्डाचा खोका उलटा केला, चष्मा लावला, तर खाली बारीक अक्षरांत आठ जीबी. "काकू, नाव तर एकच हाय ना, काहून परेशान होऊन राहिल्या?" तो म्हणाला. मी म्हटलं, "नाव एक असन गा, मेमरी कमी हाय. मले बाराचंच पायजे." मग आतून बाराचं निघालं. पट्टीने लांबी मोजून घेतली, सप्लायवरचा आकडा वाचला, आणि कार्ड लावून स्क्रीनवर बारा दिसल्यावरच खुर्चीतून उठले. कांताबाई कालपासून गल्लीभर सांगत फिरतायत. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण तो दिवस काही डोक्यातून जात नाही. महालक्ष्म्यांचं जेवण चालू होतं आणि तुझा कॉम्प्युटर बंद पडला. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं, ते हातचं गेलं. ऋषिकेश पाहुण्यांसमोर म्हणाला, "दिवसभर रगडून राहिली होती मशीन, जळन नाही तं काय!" दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. तुझ्या कामाला या घरात कुणी काम समजत नाही, एवढंच म्हणालीस, आणि ते खरंच होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. महालक्ष्म्यांच्या आधीच्या साफसफाईत मी तुझी खोली झाडत होते. गरम होतं म्हणून तू कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडीच ठेवायचीस. आतला पंखा घरघरत होता. आपल्या घरी माग होता तेव्हा काहीही कुरकुरलं की मी तेलाची कुपी घेऊन धावायचे. त्याच सवयीने पंख्यातही तेल सोडलं, चांगलं सढळ हाताने. आवाज थांबला, मी खूश. आठवड्याभरात कॉम्प्युटर बंद पडला. मला त्याच क्षणी शंका आली, आणि मी गप्प बसले. पाहुणे होते म्हणून, मग सण होता म्हणून, मग लाज वाटली म्हणून. काल जुना डबाही दुकानात नेला होता. तेलाने आणि धुळीने पंखा जाम झाला होता, कार्ड तापून जळलं होतं. आज सकाळी ऋषिकेशला सगळं सांगितलं. तो न जेवता उठून गेला. त्याचं तो तुझ्याशी बोलेल, मी त्याची वकिली करणार नाही. रविवारी कॉम्प्युटर घेऊन मी मौद्याला येते. तिथे ठेव की इथे आण, तुझं तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. निघताना दारात तू मला विचारलं होतंस, "आई, तुमाले तरी वाटते का माझीच चूक हाय म्हणून?" मी मान खाली घातली होती. नाही वं पोरी, तुझी नव्हती. माझी होती.

तुझीच,
सासरची आई